बायची ओटी

मोहन, काल तुझ्या तेराव्याला पानावर बसलो आणि पहिल्या घासालाच मला उचकी लागली. पाणी प्यायलो, श्वास रोखला, चिमूटभर साखर खाल्ली, थांबायचं नावच नाही. शेजारच्या पानावरून तुझी काकी म्हणाली, "मोहनान आठवण काढल्यान वाटता." सगळे हळूच हसले. भिंतीला टेकून बसलेली सुलूसुद्धा हसली, तेरा दिवसांत पहिल्यांदा. मी घास हातात धरून तसाच बसलो. मनात म्हटलं, काढ बाबा आठवण, आणि आई-माईवरून शिव्याही घाल, मला चालेल.

सुलू माझी धाकटी बहीण आणि तुझी बायको, हे तुला सांगायची गरज नाही. पण हा कागद इतरांच्याही हाती पडणार आहे. मेंटेनन्सची मंडळी काल आली होती. जाताना म्हणाली, "सुरेशकाका, शुक्रवारी कॅन्टीनमध्ये मोहनकाकांची शोकसभा ठेवलीय. दोन पानं लिहून द्या. तुम्ही मित्र, वर मेहुणे. तुमच्याइतकं कोणाला माहीत?" खरंच, माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तीच तर भानगड आहे.

आज सकाळी लिहायला बसलो. "मनमिळाऊ, हसतमुख आणि कष्टाळू सहकारी" असं लिहिलं आणि मलाच हसू फुटलं. मनमिळाऊ, तू? एकाही फोरमनशी तुझं कधी धड पटलं नाही. कॅन्टीनची भजी हातात आली की तिचं तेल अंगठ्या-बोटात चोळून बघायचास आणि आचाऱ्याला तोंडावर सांगायचास, "ह्या तेल चौथ्यांदा तापवलंस." लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलास, तेव्हा आईने केलेल्या माशाच्या कालवणात, बांगड्याच्या तिकल्यातही बोट बुडवून चोळलंस. आई म्हणाली, "जावयबापू, ता खाऊचा आसता." सुलूला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हे सगळं आठवलं. मी तो कागद फाडला.

आता संध्याकाळ झालीय आणि हे मी तुला लिहितोय. शुक्रवारी हेच वाचणार आहे, कोणाला आवडो न आवडो. सात वर्षं जे तुला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर परत शेपूट घालीन. आपल्या पंख्याचं, बायचं बेअरिंग तू जाळलं नाहीस. मी जाळलं. तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं, मोहन. काहीच नाही.

सुलूला हे आज दुपारी सांगून आलो. आई-बाबा गेले, माझ्या रश्मीची आई गेली, पोरगी लग्न होऊन लांब गेली. सख्खं म्हणावं असं माझं ह्या मुंबईत एकच माणूस उरलंय, आणि तिच्याच नवऱ्याची मी वाट लावली. सांगितलं तर बहीण जाईल म्हणून गप होतो. पण तू गेल्यावर गप बसणं म्हणजे तुला आणखी एकदा मारणं. ती काय म्हणाली ते शेवटी लिहितो.

आयटीआयमधून आपण दोघं एकाच दिवशी मुलुंडच्या कंपनीत लागलो, मी इलेक्ट्रिकलला, तू मेकॅनिकलला. पहिल्याच आठवड्यात तुझ्या हातात ग्रीसगन दिली, कारण ते काम कोणालाच नको असायचं. कपडे काळे, नखं काळी, असल्या पोराला मुलगी कोण देणार? (आम्ही दिली.) तुला मात्र त्याचं वेडच लागलं. लोक तेलवाला म्हणायचे, तू चिडायचास. "डब्यात असतं ते ग्रीस," म्हणायचास, "बेअरिंगमध्ये जाऊन कामाला लागलं की ते वंगण." मला तेव्हा वाटायचं, हा शाणपणा कशाला? पण पुढे मीही वंगण म्हणायला लागलो.

एकदा दोन पत्रे माझ्या हातात दिलेस, आरशासारखे घासलेले. म्हणालास, "हात फिरव. गुळगुळीत आहे ना? गुळगुळीत असं काही नसतं रे. बारीक बघितलंस तर नुसते डोंगर. हे डोंगर एकमेकांवर घासले की आधी तापतात, मग चिकटतात, मग एकमेकांचे लचके तोडतात. म्हणून मधे तेलाचा पापुद्रा पाहिजे, केसाहून बारीक. तो आहे तोवर लोखंडाला लोखंड लागतच नाही. मशीन लोखंडावर चालत नाही, सुऱ्या. त्या पापुद्र्यावर चालते." मी म्हटलं, "झालं प्रवचन? चल, चहा पाज." तू पाजलास. पण मी ते विसरलो नाही बघ, जसंच्या तसं लिहिलंय.

आणि ती बाय. वाचणाऱ्यांपैकी नव्यांना माहीत नसेल, ड्रायरच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जो मोठा पंखा आहे, औषधाची ओली पावडर सुकवायला गरम हवा ओढणारा, त्याला जुन्या मालवणी फिटरांनी बाय असं नाव ठेवलं होतं. बाय थांबली की अख्खी लाइन थांबायची. तू रोज सकाळी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या बेअरिंगवर टेकवायचास, मूठ कानाच्या हाडाला, डोळे मिटलेले. मला ऐकायला तूच शिकवलंस. पहिल्यांदा नुसती घरघर. मग हळूहळू त्या घरघरीच्या खाली एक संथ, गोल आवाज ऐकू आला. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास आणि मला तो ऐकू आलाय हे कळल्यावर पोरासारखा टाळी देऊन गेलास. असा आनंद मला दुसऱ्या कोणी दिला नाही, हेही ह्याच कागदावर असू दे.

आता ओटीचं सांगतो. खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची पूजा होते, तशी आपल्याकडेही व्हायची. मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा, पाने-हातोडे पाटावर, हळदकुंकू, नारळ. पण आपल्या शेडची एक जादा रीत होती. ज्याच्या घरात त्या वर्षी काही चांगलं घडलं असेल, लग्न म्हणा, बाळ म्हणा, त्याने आपल्या हाताने बायच्या बेअरिंगला ग्रीसगनचे पाच पंप मारायचे. ह्याला म्हणायचं बायची ओटी भरणं. बाहेरच्याला हसू येईल. आम्हाला कधी आलं नाही.

वंगणाचं काम पूर्ण तुझ्याकडे आलं आणि पहिल्याच वर्षी तू ती रीत मोडलीस. गनच्या एका पंपात किती ग्रीस येतं ते लॅबच्या काट्यावर तोलून आणलंस. बायला पंधरा दिवसांनी तीन पंप, तारखेसकट कार्डावर सही. "ओटी देवीची भरा. बेअरिंगला माप असतं," म्हणालास. म्हातारे फिटर कुरकुरले, मग खण-नारळावर भागवू लागले. मी मात्र तुझ्याशी भांडत राहिलो. "जास्त लावलं तर बिघडतं काय रे?" तू म्हणायचास, "उपाशी बेअरिंग ओरडतं तरी. अजीर्ण झालेलं गप मरतं." मी म्हणायचो, "माझ्या आईने तुला कधी मोजून वाढलं होतं काय?" तू म्हणायचास, "म्हणून तुझा पोट बघ." हे भांडण आपण किती वर्षं केलं? दर खंडेनवमीला तेच वाक्य, तेच उत्तर, आणि दोघांनाही मजा यायची.

सात वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला मात्र मजा आली नाही. रश्मीला त्याच आठवड्यात नोकरी लागली होती. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. एवढी मोठी आनंदाची गोष्ट, आणि घरी जाऊन सांगायची कोणाला? भिंतीवरच्या फोटोला? तो आनंद मला कुठेतरी नेऊन द्यायचा होता, मोहन, एवढंच. पूजा झाल्यावर सगळ्यांसमोर मी म्हटलं, "यंदा ओटी मी भरतो. एकदाच." तू कार्डावरून मान वरही केली नाहीस. "तुझ्या पोरीची नोकरी बायच्या बेअरिंगाक काय करूची आसा? गप रव आणि पेढे वाट." सगळे खो-खो हसले. तसं बघितलं तर विनोद चांगला होता. दुसऱ्या कोणावर केला असतास तर मीच सगळ्यात मोठ्याने हसलो असतो.

माझं टाळकं सटकलं. जेवणाची सुट्टी झाली, सगळे पुरी-श्रीखंडावर तुटून पडायला कॅन्टीनला गेले, आणि मी शेडमध्ये परत आलो. बाय थांबलेली, गळ्यात माळ. पाटावर दोन ग्रीसगन शेजारी शेजारी, दोन्हीवर कुंकू, दिसायला सारख्या. एक तुझी, बायची. एक माझी, मोटरींची. तुझ्या गनला हात लावायची माझी छाती नव्हती. मी माझी घेतली. तिच्यातलं ग्रीस निळसर, मोटरवाल्यांनी सांगितलेलं, भारीतलं. वेगळं आहे एवढं मला माहीत होतं. वेगळं म्हणजे आणखी चांगलंच, असं वाटलं. पाच पंप बायच्या नावाने मारले. मग रश्मीच्या नावाने पाच. मग तिच्या आईच्या नावाने दोन. सीलमधून निळी रेघ बाहेर आली, ती रुमालाने पुसली, नमस्कार केला आणि जाऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. मन इतकं हलकं झालं होतं की काय सांगू.

भाऊबीजेला तुझ्याकडे घाटकोपरला जेवायला आलो होतो, तेव्हा तू म्हणालास, "बायचा आवाज पातळ झालाय." खरं सांगतो, रश्मीची शपथ, तेव्हा मला माझे बारा पंप आठवलेसुद्धा नाहीत. पुढच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, बाय किंचाळली. धूर, जळका वास, पट्टे तुटून भिंतीवर. मी मोटर बंद करून धावत आलो तेव्हा शाफ्ट निळा पडला होता. तू कव्हर उघडलंस आणि आतलं वंगण काळ्या ताकासारखं जमिनीवर सांडलं. ते तू चिमटीत चोळलंस, हुंगलंस. म्हणालास, "ह्यात दुसरं काहीतरी मिसळलंय." तेव्हा आठवले. तेव्हा बाराच्या बारा आठवले.

चौकशी झाली. साहेबांच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या, एकीवर तू, एकीवर मी. त्यांनी काही विचारायच्या आत तूच बोललास. "माझी चूक. पूजेला दोन्ही गन पाटावर शेजारी होत्या. नंतर मी चुकून इलेक्ट्रिकलची उचलली असणार. माझ्याशिवाय त्या बेअरिंगला कोणी हात लावत नाही." पूजेच्याच दिवशी मी सगळ्यांदेखत ओटी मागितली होती. अरे, तुझ्या डोक्यात कसं नाही आलं? नाहीच आलं. सुऱ्याला नाही म्हटलं म्हणजे विषय संपला, असं तू धरून चालला होतास. साहेब माझ्याकडे वळले, "मोटरचं काय?" मी म्हटलं, "मोटर ठीक होती साहेब." चार शब्द. आणि वर चारही खरे.

का बोललो नाही? नोकरी गेली नसती, फार तर मेमो मिळाला असता. मेमोला कोण घाबरतंय! तू मला काय म्हणशील, ह्याला मी घाबरलो. वाटलं, आज नको, उद्या चहाच्या वेळी एकट्याला गाठून सांगू. उद्या तुझी स्टोअरला बदली झाली. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग? मग एक महिना झाला, आणि महिन्यानंतर सांगायला तोंडच उरलं नाही. दुसऱ्या कोणाच्या मनात शंका आली असेलही, पण तू स्वतः कबूल झालास म्हटल्यावर कोण बोलणार?

निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं तू स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे आणि नटबोल्ट दिलेस. कॅन्टीनला जाताना शेडवरून जायचं टाळायचास, गेटकडून वळसा घालून जायचास. बायला नवीन बेअरिंग बसलं, वर आपोआप ग्रीस देणारी एक डबी लावली. एकदा मी बल्ब घ्यायला खिडकीशी आलो तर हळूच विचारलंस, "ती डबी मापात देते ना रे?" मी हो म्हटलं. बल्ब घेतले आणि सही केली.

पण ह्या सगळ्यापेक्षा वाईट मी एका रविवारी केलं, घाटकोपरच्या भटवाडीत, तुझ्याच स्वयंपाकघरात. तू सुलूची वाटी घेतली होतीस आणि दोन्ही ग्रीस चमच्याने घोटत बसला होतास. सुलू करवादली, "अहो, ती वाटी आता मी जेवणात घेणार नाही हां!" तुझं लक्ष नव्हतं. "बघ सुऱ्या," म्हणालास, "ग्रीस म्हणजे तेल आणि ते तेल धरून ठेवणारं काहीतरी. ह्याचं धरणारं वेगळं, त्याचं वेगळं. एकेकटे दोघेही लोण्यासारखे. एकत्र आले की एकमेकांची पकड सोडवतात आणि तेल वाहून जातं. हे मला कळतं. पण माझ्या तीन पंपांनी एवढं होणार नाही. करून बघितलं मी. एवढं बिघडायला दहा-बारा तरी पाहिजेत." चमचा खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. "एवढे पंप कोण मारील?"

मोहन, दार उघडं होतं. नुसतं आत यायचं होतं मला. आणि मी म्हटलं, "सणाची गडबड होती. मारले असशील तूच. वय होतंय आता आपलं. विसरतोस तू हल्ली."

तू तुझ्या उजव्या हाताकडे बघत राहिलास. "असेल," म्हणालास.

त्यानंतर तू खरंच बदललास. गॅसची कळ तीनदा बघायला लागलास. कुलूप लावून जिन्यावरून परत वर यायचास, ओढून बघायला. गोळी घेतली का, हे सुलूला विचारायचास, आणि ती हो म्हणाली तरी तुझा विश्वास बसायचा नाही. सुलू मला फोन करून सांगायची, "दादा, ह्यांचं काहीतरी बिनसलंय, स्वतःवर भरवसाच राहिला नाही." मी म्हणायचो, वयाने होतं असं. अख्ख्या कंपनीत ज्याच्या दोन बोटांवर साहेब लोकांचा भरवसा होता, त्याचा त्याच्या स्वतःच्या बोटांवरचा भरवसा मी काढून घेतला. बेअरिंग नवीन मिळालं. हे कुठून आणणार?

शेवटचं हॉस्पिटलात. किडन्यांनी हात टेकले होते, तुझं अंग सुजलेलं, बोलताना दम लागायचा. दुपारी भेटायच्या वेळेत मी आणि तू दोघंच होतो, सुलू औषधं आणायला खाली गेली होती. तू डोळे मिटून बोलायला लागलास. "डावीकडची माझी, उजवीकडची तुझी. मी डावीच उचलली रे. हाताला आठवतंय. तुझ्या गनची मूठ सैल आहे, माझी घट्ट. घट्टच लागली होती हाताला. मग कुठे चुकलं? सांग ना, सुऱ्या." माझं तोंड उघडलं होतं. कोणी आलं नाही, फोन वाजला नाही, नर्स आली नाही, काहीही अडवायला नव्हतं. आणि मी म्हटलं, "जाऊ दे रे आता. कशाला डोकं शिणवतोस?" तू भिंतीकडे तोंड केलंस. चौथ्या दिवशी तू गेलास.

शुक्रवारी हे ऐकून कोणीतरी म्हणेल, अहो, मोहनकाकांना कळलं असणार, मनातल्या मनात माफही केलं असणार. कृपा करा आणि असलं काही मला सांगू नका. कळलं नसेल, तर तो निर्दोष माणूस स्वतःला दोषी समजून मेला. आणि कळलं असेल, तर त्या स्वयंपाकघरात आणि त्या खाटेवर तो माझी वाट बघत होता, आणि मी आलो नाही. दोन्हीकडून मेलोच मी. रात्रंदिवस ह्यातलं कोणतं बरं, ह्याचा विचार करतो. कोणतंच बरं नाही.

दुपारी सुलूकडे गेलो तेव्हा ती तुझे शर्ट पिशवीत भरत होती, कोणाला तरी द्यायला. तिने बस म्हटलं, मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओटी, निळं ग्रीस, बारा पंप, कोणाच्या नावाने किती, केबिनमधले चार शब्द, वाटी, हॉस्पिटल. ती शर्ट भरत राहिली. संपल्यावर म्हणाली, "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"हॉस्पिटलात पण नाही?"

"नाही गं."

मला वाटलं, आता ती कानाखाली आवाज काढील. काढावा असंच वाटत होतं. ती शर्ट मांडीवर घेऊन खाली बसली आणि बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"लग्न झाल्यापासून माझ्या शिवणमशीनला हे स्वतः तेल द्यायचे. दर रविवारी, तीन थेंब. मला हात लावू द्यायचे नाहीत. तुमची ती बाय बंद पडली ना, त्यानंतरच्या रविवारी बाटली घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. मला विचारलं, सुलू, लावू का? आधी कधी विचारलं नव्हतं. आणि मी म्हटलं, नको बाबा, राहू दे, तुमच्या हाताने जाम व्हायची." तिने नाक ओढलं. "मस्करी केली रे दादा मी. नुसती मस्करी. ते हसले पण."

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. बाटली फळीवर ठेवली. परत कधी विचारलं नाही. सात वर्षं मीच तेल घालतेय." तिने शर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला खरंच वाटत होतं रे, ह्यांच्याच हातून झालं म्हणून. तू सांगितलं असतंस तर मी असं बोलले असते का?"

तिने तो शर्ट पिशवीत ठेवला, मोहन. ती म्हणाली, "तू जा आता." मी दाराशी येऊन चपला घातल्या. तिने वर बघितलं नाही.